माशीचा क्लोजअप फोटो हातात आहे, आता जात कशी ओळखायची?

माशीचा जवळून काढलेला फोटो ॲपमध्ये टाकला की एक नाव येतं. त्याच माशीचा दुसऱ्या कोनातला फोटो टाकला की दुसरंच नाव येतं. मग नेमकं खरं कुठलं मानायचं? नव्याने या छंदात आलेले बहुतेक जण इथेच अडकतात, कारण सगळे थेट जातीच्या नावामागे लागतात. ओळख वरून खाली येते: आधी गण, मग कुळ, मग प्रजाती (इंग्रजीत जीनस), आणि फोटोने साथ दिली तरच जात (स्पीशीज). कुठल्या पायरीवर थांबायचं हे फोटोत काय दिसतंय यावर ठरतं. म्हणून हा लेख फोटो काढण्यापासून सुरू केला आहे.

माश्या आणि डास ज्या गणात येतात, त्यातल्या दीड लाखांहून जास्त जातींची शास्त्रीय नोंद झालेली आहे. निव्वळ फोटोवरून जातीपर्यंत पोहोचता येईल अशा त्यामानाने थोड्या. पण कुळ बरेचदा कळतं, आणि बरोबर ओळखलेलं कुळ हे अंदाजाने लिहिलेल्या जातीच्या नावापेक्षा कितीतरी उपयोगाचं असतं. चुकीचं नाव एकदा नोंदीत गेलं की त्यावर विसंबून दुसरे लोकही चुकतात.

काय काय लागेल

- मॅक्रो फोटो काढता येईल असा कॅमेरा, किंवा मोबाइलला लावायची क्लिपवाली मॅक्रो लेन्स. सुरुवातीला मोबाइल पुरतो. घरमाशीएवढ्या माशीच्या पंखांच्या शिरा त्यात दिसू शकतात.
- फ्लॅश वापरणार असाल तर प्रकाश पसरवायला डिफ्यूजर किंवा पांढरा पातळ कागद.
- मिलिमीटरच्या खुणा असलेली छोटी पट्टी.
- फोटो मोठा करून बघायला संगणक. मोबाइलच्या पडद्यावर केस आणि शिरा नजरेतून सुटतात.
- नोंदवही. तारीख, वेळ, ठिकाण आणि माशी कशावर बसली होती एवढं तरी लिहाच. फूल, शेण, कुजकं फळ, जनावराचं अंग, न्हाणीघराची भिंत, यातलं काय होतं त्यावरून निम्मी कुळं आपोआप बाजूला होतात.
- तुमच्या प्रदेशातल्या माश्यांची कुळवार ओळख-किल्ली, म्हणजे दोन-दोन पर्यायांतून एकेक निवडत नावापर्यंत नेणारा तक्ता. दुसऱ्या खंडासाठी बनवलेली किल्ली वापरू नका. ती तिच्या यादीतल्याच कुठल्यातरी नावावर तुम्हाला नेऊन सोडेल.

१. फोटो काढा, पण चार बाजूंनी

सगळ्यात जास्त ओळखी इथेच हुकतात. एक सुंदर फोटो मिळाला की आपण समाधान मानतो, आणि घरी आल्यावर कळतं की नेमका हवा तो भाग त्यात नाही. निदान चार फोटो हवेत.

वरून काढलेल्या फोटोत वक्षावरचे, म्हणजे डोक्यामागच्या पंख-पाय असलेल्या भागावरचे, पट्टे आणि उदरावरची (पोटावरची) नक्षी दिसते. बाजूच्या फोटोत पाय, सोंड आणि वक्षाच्या कडेचे राठ केस दिसतात. समोरून डोळे, त्यांच्यामधलं अंतर, शृंगिका (डोक्यावरच्या अँटेना) आणि गाल. चौथा फोटो फक्त पंखाचा. माशीच्या पलीकडून उजेड येईल अशा बाजूला सरका, म्हणजे पारदर्शक पंखातल्या शिरा काळ्या रेघांसारख्या उठून दिसतात.

पहिला फोटो लांबूनच काढून ठेवा, मग एकेक पाऊल पुढे जा. माशीवर सावली पडू देऊ नका. सावली हलली की ती उडालीच. सकाळचा गारवा असताना माश्या सुस्त असतात, तेव्हा बरंच जवळ जाता येतं.

कॅमेऱ्यावर १:१ मॅग्निफिकेशनला, म्हणजे माशी सेन्सरवर खऱ्या आकाराएवढी उमटते तेव्हा, फोकसमध्ये येणारी खोली फार कमी असते. ॲपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/११ इतकं बारीक ठेवलं तरी जेमतेम मिलिमीटर-सव्वा मिलिमीटर. म्हणून जो भाग हवा आहे तो कॅमेऱ्याला समांतर येऊ द्या. पंख हवा असेल तर पंख समांतर, चेहरा हवा असेल तर चेहरा. ॲपर्चर एफ/८ ते एफ/११ ठेवा. त्याहून बारीक केलं तर खोली वाढते, पण विवर्तनामुळे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, बारीक केस पुसट होतात. माशी अगदीच स्थिर बसली असेल तर थोडं थोडं पुढे सरकत फोटोंची मालिका घ्या आणि नंतर ते फोटो एकत्र जोडा.

आता आकार. क्लोजअपमध्ये दोन मिलिमीटरचं चिलट आणि दोन सेंटिमीटरची गोमाशी सारखीच मोठी दिसतात. माशी उडाल्यावर फोकस न हलवता त्याच जागी पट्टी ठेवून एक फोटो घ्या. तेवढ्याने लांबी मोजता येते.

मूळ फाइल जपून ठेवा. व्हॉट्सॲपवरून पाठवलेला फोटो सहसा दाबून लहान केलेला असतो, त्यातले बारीक तपशील जातात, आणि तारीख-ठिकाणाची माहितीही पुसली जाते. मोबाइलमधली किंवा एआयची ‘फोटो स्पष्ट करा’ छापाची सोय ओळखीसाठी अजिबात वापरू नका. ती केसांच्या जागी स्वतःच्या मनाने केस रंगवते, आणि माश्यांच्या ओळखीत एकेक केस मोजावा लागतो.

२. ही माशीच आहे याची खात्री करा

मधमाशी आणि गांधीलमाशी या माश्या नव्हेत. त्यांना पंखांच्या दोन जोड्या असतात. खऱ्या माशीला एकच जोडी असते, आणि मागच्या जोडीच्या जागी बारीक दांडीवर गोळा असावा तसे दोन छोटे अवयव असतात. त्यांना संतोलक म्हणतात. उडताना तोल सांभाळायचं काम ते करतात. बाजूने काढलेल्या फोटोत पंखाच्या बुडाशी, जरा खाली शोधा. फिकट पिवळा ठिपका दिसला तर बहुधा तोच. घरमाशीसारख्या माश्यांमध्ये मात्र पंखाच्या बुडाशी असलेल्या पांढुरक्या पापुद्र्याखाली तो झाकलेला असतो.

सगळ्यात जास्त फसवणूक होते ती होव्हरफ्लायकडून, म्हणजे सिर्फिडी कुळातल्या माश्यांकडून. पिवळे-काळे पट्टे, फुलावर बसणं, हवेत एका जागी तरंगणं, सगळं गांधीलमाशी किंवा मधमाशीसारखं. पंख मोजता आले नाहीत तर डोकं बघा. माशीचे डोळे डोक्याचा बहुतेक भाग व्यापतात, आणि होव्हरफ्लायच्या शृंगिका बहुधा आखूड असतात. गांधीलमाशीच्या शृंगिका लांब आणि कोपरात वळलेल्या दिसतात.

३. शृंगिका बघा

एवढ्या एका गोष्टीने गणाचे दोन मोठे भाग होतात.

शृंगिका लांब, अनेक मण्यांची असेल तर तुमच्यासमोर डास आणि त्याचे भाऊबंद आहेत. लांब सोंड आणि पंखांच्या शिरांवर खवले असतील तर डास. दिसायला डासासारखा, पण टोचायची सोंड नाही आणि बसताना पुढचे पाय उचललेले, तर कायरोनोमिडी कुळ. डास मागचे पाय उचलतो. पाय खूप लांब आणि वक्षावर इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच असेल तर टिप्युलिडी कुळ. न्हाणीघराच्या भिंतीवर बसणारी, पतंगासारखी केसाळ, पंखांच्या कडेला पांढरे ठिपके असलेली छोटी माशी बहुतेकदा क्लॉगमिया अल्बिपंक्टाटा निघते. ही एका फोटोत जातीपर्यंत ओळखू येते.

शृंगिका आखूड, बहुधा तीन भागांची, आणि तिसऱ्या भागातून एक केस बाहेर आलेला असेल तर घरमाशीकडचा मोठा गट. त्या केसाला अरिस्टा म्हणतात. तो समोरून किंवा तिरक्या फोटोत मोठा करून बघा. घरमाशीत त्याला दोन्ही बाजूंनी पिसासारखे उपकेस असतात. जनावरांना चावणाऱ्या स्टोमॉक्सिस कॅल्सिट्रान्स या माशीत ते फक्त वरच्या बाजूला असतात. टॅकिनिडी कुळात अरिस्टा बहुतेक वेळा उघडाच असतो.

४. पंखांच्या शिरा वाचा

माझ्या मते सगळ्यात भरवशाची खूण हीच. रंग उजेडानुसार बदलतो, केस झडतात, शिरा मात्र माशी पूर्ण वाढल्यावर बदलत नाहीत.

सुरुवात घरमाशीपासून करा. पंखाच्या मधल्या भागातून टोकाकडे जाणारी शीर शोधा. तिला मीडिया म्हणतात. घरमाशीत ही शीर टोकाच्या जरा आधी एकदम कोन करून वर वळते आणि वरच्या शिरेला जवळजवळ जाऊन भिडते. हे वळण दोन-चार वेळा नीट बघितलं की पुढे नजर आपोआप तिथेच जाते. स्टोमॉक्सिसमध्ये वळण सौम्य असतं. घरात छताखाली दिव्याभोवती घिरट्या घालणाऱ्या फॅनिया कॅनिक्युलरिस या लहान माशीत ती शीर वर न वळता सरळ कडेपर्यंत जाते. तिन्ही माश्या करड्या, तिन्ही घराभोवती सापडतात, आणि पंखाच्या एका स्वच्छ फोटोवर तिन्ही वेगळ्या होतात.

होव्हरफ्लायच्या पंखात एक खोटी शीर असते. पंखाच्या मध्यातून जाणारी, दोन्ही टोकांनी कशालाच न जोडलेली, घडी पडल्यासारखी रेघ. शिवाय बाहेरच्या कडेला समांतर जाणाऱ्या शिरांमुळे पंखाला दुहेरी किनार असल्यासारखं वाटतं. या दोन खुणा दिसल्या की कुळ पक्कं.

गोमाशीच्या, म्हणजे टॅबॅनिडी कुळात, वरच्या बाजूच्या एका शिरेला फाटा फुटतो आणि त्याच्या दोन शाखा पंखाच्या टोकाच्या दोन्ही बाजूंना जाऊन पोहोचतात. फळमाश्यांच्या टेफ्रिटिडी कुळात पंखाच्या वरच्या कडेजवळची बारीक शीर मध्येच जवळजवळ काटकोनात वर वळते आणि पुसट होते. या कुळात पंखांवर बहुधा पट्टे किंवा ठिपके असतात, पण ठिपकेदार पंखांवरून लगेच फळमाशी म्हणू नका. तसे पंख आणखी काही कुळांतही असतात.

५. रंग, पट्टे आणि केस

वक्षावर चार गडद पट्टे असतील तर घरमाशी किंवा तिची जवळची नातलग. तीन ठळक पट्टे, उदरावर बुद्धिबळाच्या पटासारखे करडे-काळे चौकोन आणि तांबूस डोळे असतील तर सार्कोफॅजिडी कुळ. हे चौकोन कोन बदलला की काळ्याचे करडे आणि करड्याचे काळे दिसतात. एकाच माशीचे दोन फोटो म्हणून दोन वेगळ्या जातींसारखे भासतात, तेव्हा गडबडू नका.

हिरवी किंवा निळी चमक दिसली की सगळे कॅलिफोरिडी कुळ म्हणतात. तिथे थांबून बघा. घरमाशीच्या कुळातल्या निओमिया प्रजातीच्या माश्याही लखलखीत हिरव्या असतात. लांब पायांच्या डोलिकोपोडिडी माश्याही हिरव्या असतात. कॅलिफोरिडीची खूण म्हणजे वक्षाच्या बाजूला, मागच्या पायाच्या मुळाच्या वर, राठ केसांची उभी रांग. निओमियात ती नसते. ही रांग फक्त बाजूच्या फोटोत दिसते.

उदरावर उभे राहणारे राठ केस असतील तर टॅकिनिडीचा विचार करा आणि बाजूने खात्री करा. वक्षाच्या मागच्या टोकाला जो त्रिकोणी भाग असतो, त्याच्या खाली या कुळात आणखी एक ठळक फुगवटा दिसतो. दोन डोळ्यांच्या मध्ये डोक्यावर खोलगट जागा आणि तोंडावर मिशांसारखा झुपका असेल तर शिकारी माशी, म्हणजे असिलिडी.

गोमाश्यांच्या डोळ्यांवरचे हिरवे-जांभळे पट्टे नीट टिपा. माशी मेल्यावर ते रंग फिके होतात. इथे जिवंत माशीचा फोटो संग्रहातल्या टाचलेल्या नमुन्यापेक्षा जास्त सांगतो.

या गोष्टींना खुणा समजू नका

काचेवर किंवा फांदीच्या टोकाला चिकटलेली, पंख वर उचललेली माशी दिसली आणि तिच्या फुगलेल्या उदरावर पांढरे आडवे पट्टे असले, तर ती नक्षी नव्हे. ती एन्टोमोफ्थोरा नावाची बुरशी आहे. माशीला मारून ती उदराच्या खंडांमधल्या सांध्यांतून बाहेर येते. फोटो मोठा केला की पट्ट्यांना मखमली लव दिसते आणि आजूबाजूला पांढऱ्या बीजाणूंचा शिडकावा दिसतो. नोंद जरूर करा, पण माशीची ओळख पंख आणि डोक्यावरूनच करा.

अंगावरचे पिवळे कण बहुधा पराग असतात. तांबडे-तपकिरी दाणे म्हणजे चिकटलेले माइट्स, कोळ्यांच्या नात्यातले अगदी बारीक जीव. तोंडाशी धरलेला पाण्याचा थेंब सोंडेचा आकार लपवतो. फिकट अंगाची, चुरगळलेल्या पंखांची माशी बहुधा नुकतीच कोशातून बाहेर आलेली असते. तिच्या कपाळावर कधीकधी फुगलेली पिशवीही दिसते. कोशाचं झाकण तिने ढकलायचं असतं. अशा माशीचा रंग अजून पक्का झालेला नसतो, म्हणून तिच्यावर जातीचं नाव टाकू नका.

६. नर की मादी?

समोरच्या फोटोत डोळे कपाळावर एकमेकांना भिडलेले असतील तर पुष्कळ कुळांत तो नर असतो. मध्ये रुंद पट्टी असेल तर मादी. सगळीकडे हे लागू पडत नाही. शिकारी माश्या आणि फळमाश्यांमध्ये दोघांचेही डोळे लांबच असतात. तरी लिंग लिहून ठेवा. किल्लीतले कित्येक प्रश्न फक्त नरासाठी असतात.

७. आता जातीकडे, जिथे जाता येतं तिथे

सुरुवातीला या जातींवर हात बसवा:

- एपिसिर्फस बॅल्टिएटस: नारिंगी उदराच्या मधल्या खंडांवर एका जाड काळ्या पट्ट्याबरोबर दुसरा बारीक पट्टा. वरून काढलेल्या एका फोटोत काम होतं.
- हर्मेशिया इल्युसेन्स, ब्लॅक सोल्जर फ्लाय: काळी, दीड-दोन सेंटिमीटर लांब, उदराच्या बुडाशी दोन पारदर्शक खिडक्या, पावलं पांढुरकी. या माशीच्या शृंगिका लांब असतात, म्हणून तिसऱ्या पायरीवर नवखे लोक गोंधळतात.
- एरिस्टॅलिस टेनॅक्स: मधमाशीची हुबेहूब नक्कल, डोळ्यांवर गडद केसांचे उभे पट्टे.
- क्रायसोमिया मेगासेफाला: निळसर-हिरवी, गाल नारिंगी. नराच्या डोळ्यांत वरचे भिंग खालच्यांपेक्षा मोठे आणि दोन्हींमधली सीमा स्पष्ट. ही सीमा बघायला समोरचा फोटो चांगलाच धारदार हवा.
- कॅलिफोरा व्हिसिना आणि कॅलिफोरा व्हॉमिटोरिया: दोन्ही निळ्या. पहिलीचे गाल पुढून नारिंगी आणि त्यावर काळे केस, दुसरीचे गाल काळे आणि त्यावर नारिंगी केस.

इतर काही ठिकाणी थांबायला शिका. सार्कोफॅजिडीत जात ठरते ती नराच्या जननेंद्रियांवरून. फोटो कितीही चांगला असला तरी बहुतेक वेळा कुळावर थांबा. ल्युसिलिया सेरिकाटा आणि ल्युसिलिया क्युप्रिना यांच्यात डोक्याच्या मागच्या बाजूचे बारीक केस मोजावे लागतात. ते दिसत नसतील तर नुसतं ल्युसिलिया लिहा. ड्रोसोफिला मेलॅनोगॅस्टर आणि सिम्युलान्स यांच्या माद्या तज्ज्ञांनाही बाहेरून वेगळ्या करता येत नाहीत. बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिससारख्या दिसणाऱ्या फळमाश्या तर डझनावारी आहेत. जात कळणं खरोखर गरजेचंच असेल, उदाहरणार्थ पिकावरची कीड म्हणून, तर नमुना कीटकतज्ज्ञाकडे न्यावा लागतो. तिथे सूक्ष्मदर्शक आणि गरज पडल्यास डीएनए तपासणी असते.

नाव लिहिण्याआधी ते आज ग्राह्य आहे का तेही बघा. घरमाशीला लिनियसने १७५८ साली दिलेलं मस्का डोमेस्टिका हे नाव अजून कायम आहे. पण बॅक्ट्रोसेरा इन्व्हेडन्स आणि बॅक्ट्रोसेरा पपायी या वेगळ्या मानलेल्या जाती २०१५ साली बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिसमध्ये विलीन झाल्या. जुनी किल्ली वापरणाऱ्याला अजूनही ती जुनी नावं भेटतात.

८. ॲपचं उत्तर कसं वापरायचं

ॲपला विचारा, पण स्वतःचं कुळ आधी ठरवून. ॲप फोटोतल्या एकूण दिसण्यावर नाव सुचवतं. शिरेचं वळण किंवा केसांची रांग ते तुम्हाला दाखवून देत नाही. सुचवलेलं कुळ तुमच्या कुळाशी जुळलं तर पुढे जा. नाही जुळलं तर पंखाकडे परत जा.

आयनॅचरलिस्टवर, म्हणजे लोक निसर्गातल्या नोंदी टाकतात आणि एकमेकांच्या ओळखतात त्या संकेतस्थळावर, टाकताना एकाच माशीचे चारही फोटो एकाच नोंदीत टाका. वेगवेगळ्या माश्या एका नोंदीत मिसळल्या तर कोणालाच मदत करता येत नाही. तिथे ओळखणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांशांहून जास्त लोकांचं एकमत झालं की नोंद पक्क्या दर्जाची होते. पण कोणीतरी ॲपने सुचवलेल्या नावालाच होकार दिला असेल तर त्या एकमतात दम नसतो. म्हणून होकार देणाऱ्याला खूण विचारा. “कशावरून?” एवढा साधा प्रश्न पुरतो, आणि माश्यांवर वर्षानुवर्षं काम करणारी माणसं त्याचं उत्तर मनापासून देतात. माझं या विषयातलं बरंचसं शिकणं अशाच उत्तरांतून झालं आहे.

९. नोंद लिहा

नावापुढे कारण लिहिल्याशिवाय नोंद बंद करू नका. नमुना असा:

कुळ: कॅलिफोरिडी, खात्री आहे. कारण: वक्षाच्या बाजूला केसांची रांग, मीडिया शीर वर वळलेली.
प्रजाती: ल्युसिलिया, बहुधा. कारण: पूर्ण हिरवी चमक, वक्षावर ठळक पट्टे नाहीत.
जात: ठरवली नाही. डोक्याचा मागचा भाग फोटोत नाही.
लिंग: मादी. लांबी: ८ मिमी, पट्टीवरून.

‘ठरवली नाही’ या शब्दांपुढे कुठला भाग कमी पडला ते लिहिलंत, की पुढच्या वेळी कॅमेरा कुठे न्यायचा ते आधीच ठरलेलं असतं. वरच्या नोंदीपुरतं सांगायचं तर, पुढची हिरवी माशी दिसली की पहिला फोटो तिच्या डोक्याच्या मागून.